रणजितची दारं

रणजित खरातच्या ऑफिसला पाटी नाही. बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की एक कृषी सेवा केंद्र लागतं, त्याच्या वरच्या खोलीत तो बसतो. वर जायचा जिना खताच्या गोण्यांमागून निघतो, त्यामुळे त्याच्याकडे वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस आधी दोन-चार शिंका देतो आणि मग कामाचं बोलतो. साऱ्या तालुक्याला जगापुढे मांडून देणाऱ्या या गृहस्थाला स्वतःची पाटी लावायला फुरसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिंकून बेजार झाले होते, आणि त्यातच त्यानं केलेल्या वेबसाइट बघितल्या. एक उसाच्या रोपवाटिकेची, एक मंगल कार्यालयाची, एक बोअरवेलवाल्याची. तिन्हींना झेंडूच्या तोरणाची चौकट आणि कोपऱ्यात गरगर फिरणारी समई. बोअरवेलला समई कशाला, असं विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकाला शुभ वाटतं. मी उठणारच होते. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी वर आले. त्यांना फोनवर रोपवाटिकेची वेबसाइट उघडून हवं ते वाण सापडत नव्हतं. रणजितनं त्यांना काही दाखवून दिलं नाही. शेजारी उकिडवा बसून तो नुसता बघत राहिला, आजोबांचं बोट कुठं जातंय, कुठं अडतंय. ते गेल्यावर जिथं बोट गेलं होतं तिथं त्यानं वाणांचं बटण आणून ठेवलं. त्या क्षणी मला तो आवडला आणि समईसकट मी त्याला काम देऊन टाकलं.

माझं नाव श्यामला. बारामतीतल्या एका जुन्या ग्रंथालयाचा बालविभाग मी सांभाळते. माझा स्वभाव कडक आहे असं लोक म्हणतात. माझ्या मते लोक ढिले आहेत. पुस्तक जिथलं तिथं असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. आमच्या ग्रंथालयाची एक फिरती पेटी आहे, म्हणजे पत्र्याची मोठी ट्रंक. दर शुक्रवारी ती जीपमध्ये बसते आणि कन्हेरी, कऱ्हाटी, सणसर अशा गावांतल्या शाळांना पुस्तकं देऊन येते. आधी आम्हीच आमच्या मनानं पेटी भरत असू. मग शाळांमध्ये टॅब आले, तेव्हा समितीनं ठरवलं की मुलांनीच वेबसाइटवर बघून पुस्तकं मागवावीत आणि मागवलेलीच पेटीत जावीत. कल्पना झकास होती. ती वेबसाइट करायचं काम रणजितकडे आलं.

रणजित सणसरचाच. वडिलोपार्जित ऊस, वस्तीवर घर, आई कुशाबाई, बायको आणि दुसरीत शिकणारी छकुली. पुण्यात एका कंपनीत काही वर्षं काढून तो परत आला. का आलास म्हटलं तर सांगतो की तिथं एका बटणाचा रंग ठरवायला मीटिंग भरायची आणि मीटिंगमध्ये चहासुद्धा कागदी कपात मिळायचा. दुसऱ्याच्या डब्यातलं खाताना त्याला संकोच नसतो, दिलेली वेळ तो कधी पाळत नाही, आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायलाही फट ठेवत नाही. मात्र स्वतःचं चुकलं की टाळी वाजवून हसतो. मोठ्या माणसांत मी हे फार कमी बघितलं आहे.

पहिली वेबसाइट त्यानं माझ्याच सांगण्यावरून केली. ग्रंथालयातली सगळी वर्गवारी मी त्याला जशीच्या तशी दिली: आत्मचरित्रं, इतिहास, कथा, नाट्य, विज्ञान अशी अकारविल्हे. आत गेलं की पोटविभाग, पोटविभागात आणखी पोटविभाग. माझ्या कपाटांसारखंच नेटकं. पहिल्याच आठवड्यात सणसरच्या शाळेतून भराभर मागणी आली. मी हरखून गेले. नंतर बघते तर सगळी मागणी आत्मचरित्रांची. मुलांनी उघडल्या उघडल्या समोर आलेलं पहिलं बटण दाबलं होतं. तिसरी-चौथीच्या वर्गात जाडजूड मिशांच्या थोर पुरुषांची आत्मचरित्रं जाऊन पडली आणि आठवड्यानं न उघडता परत आली. दुसऱ्या आठवड्यापासून मागणीच बंद.

समितीच्या बैठकीत हा विषय निघाला. आमचे अध्यक्ष आबाजी, जुने ऊस बागायतदार. वय झालंय, पण आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखा. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा उतारा, म्हणजे पदरात किती पडलं ते, दिसावं लागतं. मागणीच नसेल तर जीप कशाला पळवायची, असं ते म्हणाले. खेड्यातल्या पोरांना वाचायचं नाही, हे मान्य करू आणि दिवाळीनंतर पेटी बंद करू. मी वाद घातला. शेवटी एवढं कबूल झालं की दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी आबाजी स्वतः सणसरला येतील. मुलांनी कुणाच्या मदतीशिवाय आपापलं पुस्तक शोधून मागितलं तर पेटी चालू राहील, नाही तर नाही.

हे मी रणजितला सांगितलं तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मॅडम, पेटी बंद झाली तर आमच्या वस्तीवर शाळेच्या पुस्तकाबिगर छापलेलं अक्षर म्हंजी निस्ती खताची गोणी."

छकुलीला नुकतं वाचता यायला लागलं होतं. ती गोणीवरचं नत्र, स्फुरद, पालाश मोठ्यानं वाचायची आणि आजी कौतुकानं तिच्या डोक्यावरून बोटं मोडायची. हे त्यानं मला सांगितलं, आणि त्या दिवशी त्यानं माझा डबा खाल्ला नाही.

दुसरी वेबसाइट त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली. त्याचं म्हणणं असं की मॅडमचे शब्द शहरातले, पोरं खेड्यातली, म्हणून अडलं. पोरांना कळेल असं काहीतरी पाहिजे. आता सणसरच्या पोराला काय कळतं? ऊस कळतो. म्हणून या पठ्ठ्यानं पुस्तकांचे चार भाग पाडले: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. उसाच्या लागवडीचे हे चार प्रकार आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. आडसाली दीड वर्ष शेतात उभा राहतो, म्हणून आडसालीत जाड पुस्तकं. सुरू लवकर येतो, म्हणून त्यात पातळ; पूर्वहंगामी मधला, म्हणून त्यात मध्यम. तोडलेल्या उसाच्या बुडातून जो परत फुटतो तो खोडवा, म्हणून परत परत वाचावीत अशी पुस्तकं खोडव्यात. प्रत्येक बटणावर उसाचं चित्र. मला दाखवताना त्याची छाती फुगली होती. मला हसू आवरेना, पण मनातून मलाही वाटलं की हे चालेल.

सणसरच्या मुलांनी एकही बटण दाबलं नाही. पाचवीतली संस्कृती नावाची मुलगी आहे, बोलायला फटकळ. तिनं टॅब परत देत सांगितलं, "काका, ऊस घरी लई हाय. पुस्तकात कशाला?"

रणजितनं तिथंच टाळी वाजवली आणि पोट धरून हसला. मग त्याच्या गाडीवरून आम्ही परत निघालो. कारखान्याचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन समोरून येत होते, त्यांना वाट देता देता आम्ही कसेबसे बारामतीत पोचलो. उतरताना तो म्हणाला की आपण दोघांनी एकच चूक केली. तुम्ही तुमच्या डोक्यातली कपाटं लावली, मी माझ्या डोक्यातलं शिवार लावलं. पोरांच्या डोक्यात काय लावलंय ते दोघांनीही विचारलं नाही. मग त्याला त्याची कंपनी आठवली. तिथं नवीन वेबसाइट करायची झाली की माणसं बोलावून चिठ्ठ्या वाटायचे आणि म्हणायचे, तुम्हाला वाटेल तसे गठ्ठे लावा. पण ती सगळी मोठी माणसं. पोरांना बोलवायचं कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं.

मग आम्ही बालविभागातल्या निवडक पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या छोट्या प्रती काढल्या, मागं दोन ओळींत आत काय आहे ते लिहिलं आणि सणसरच्या शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर त्या पसरल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मुलांनी प्रत्येकीवर खडा ठेवला. रणजितनं एवढंच सांगितलं की जी एकमेकांसोबत राहावीत असं वाटतं ती सोबत ठेवा.

शाळेचे रविराज गुरुजी उत्साही माणूस. ते मुलांच्या डोक्यावर उभे राहिले आणि बघता बघता गठ्ठे तयार झाले: मराठी, गणित, परिसर अभ्यास. एका मुलानं तर 'शारीरिक शिक्षण' पण लावलं. गुरुजी खूश. रणजितनं माझ्याकडे बघितलं, मी समजले. मला चहा हवाय, आणि तोही कोपऱ्यावरच्या टपरीतलाच हवाय, असं मी गुरुजींना सांगितलं. बाई माणसाला चहाची तलफ आली म्हटल्यावर बिचारे स्वतःच गेले. त्यांची पाठ वळली आणि सगळे गठ्ठे मोडले.

त्यानंतर जे झालं ते बघून माझी तीस वर्षांची कपाटं हादरली. बारक्या मुलांनी सापांच्या माहितीचं पुस्तक, विहिरीवरच्या कवितांचं पुस्तक आणि वीज कशी तयार होते ते सांगणारं पुस्तक एकत्र ठेवलं. माझ्याकडे ही तीन पुस्तकं तीन भिंतींना असतात. छकुलीला विचारलं तर तिनं सरळ सांगितलं की रात्री उसाला पाणी धरायला जाताना बॅटरी लागते, कारण विहिरीपाशी साप असतो. यात काय चुकलं? काहीच नाही. तिच्या घरात त्या तिन्ही गोष्टी रोज एकमेकींच्या सोबतच असतात. साप हा प्राणी आहे आणि बॅटरी ही वस्तू, असला भेद करायला तिला अजून वेळ आहे, आणि घाईही नाही.

थोड्या मोठ्या मुलांनी पुस्तकात काय आहे ते बघितलं नाही. पुस्तक वाचल्यावर आपल्याला काय होतं, त्यावर त्यांनी गठ्ठे लावले. भ्यायची. हसायची. करून बघायची, यात विज्ञानाचे प्रयोग, कागदाची विमानं आणि लाडूंची कृती मजेत एकत्र नांदत होती. आजीला वाचून दाखवायची. आणि एक गठ्ठा झोप येणारी. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, काही लेखक अजून हयात आहेत.

भांडण झालं ते एका पुस्तकावरून. बावळट भुताच्या गोष्टींचं ते पुस्तक. संस्कृती म्हणाली ते भ्यायच्या गठ्ठ्यातही हवं आणि हसायच्याही. मी म्हटलं, बाळ, एका पुस्तकाची एकच जागा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चौथी नापास आहे.

"मी सुट्टीत मामाकडं असते," ती म्हणाली. "तवा मला घरातली धरत न्हायत व्हय?"

मी ती चिठ्ठी दोन्ही गठ्ठ्यांच्या मधे ठेवली. रणजित मात्र सतरंजीवरच मांडी ठोकून बसला आणि त्याला हवं ते सापडलं. मॅडम, तुमच्या कपाटात पुस्तक एका जागी ठेवायलाच लागतं, तुमचा इलाज नाही, असं तो म्हणाला. पण वेबसाइट म्हणजे कपाट नव्हे. एकाच पुस्तकाला तिथं हवी तेवढी दारं पाडता येतात, आणि आपण वेड्यासारखी तिथंही कपाटं मांडत बसलो. तेव्हापासून तो बटणांना दारं म्हणायला लागला.

जाताना त्यानं गठ्ठ्यांचे फोटो काढले. भिंतीकडेला पाटीखाली काही चिठ्ठ्या सरकवून ठेवलेल्या दिसल्या. त्या कुठल्या म्हणून विचारलं तर मुलं म्हणाली, ती मागं ठेवलेली. रणजितनं मान डोलावली. मला जरा वाईट वाटलं, कारण मी समितीशी भांडून घेतलेली सुरेख चित्रांची पुस्तकं नेमकी त्यातच होती. पण मुलांना नको तर नको, आता त्यांचंच ऐकायचं ठरलं होतं. ती पुस्तकं आम्ही वेबसाइटवर घेतली नाहीत.

पुढचे दिवस रणजितच्या खोलीवर मी इतक्या वेळा गेले की खाली गोण्यांवर बसणारे हमाल मला रामराम घालायला लागले. तो जे जे करी ते संध्याकाळी वस्तीवर नेऊन मुलांपुढे ठेवी आणि उकिडवा बसून त्यांची बोटं बघत राही. त्यातून एकेक गोष्ट कळत गेली. दारातून आत गेल्यावर थेट पुस्तकंच दिसली पाहिजेत, आत आणखी दार दिसलं की मुलं मागं फिरतात. एका दारावर सशाचं गोंडस चित्र टाकलं तर पाचवीतल्यांनी त्याला हातही लावला नाही, कारण ते बारक्यांचं. बारक्यांना मात्र मोठ्यांचं दार सगळ्यात आधी उघडायचं होतं. नुसतं चित्र चालत नाही, नुसता शब्दही चालत नाही, दोन्ही लागतं. चित्रं मुलांकडूनच काढून घेतली. हसायच्या दारावर संस्कृतीनं काढलेले नुसते दात आहेत, आणि ते बघून खरंच हसू येतं. झेंडूचं तोरण आणि समई मी काढायला लावली, त्यावरून आमचा दोन दिवस अबोला होता.

ठरलेल्या शुक्रवारी आम्ही पेटी घेऊन सणसरला गेलो. कुठलीही मागणी आली तरी तिथल्या तिथं देता यावी म्हणून या वेळी बालविभागातली निवडलेली सगळीच पुस्तकं मी जीपमध्ये भरली होती, वेबसाइटवर न घेतलेली सुद्धा, कारण ती वेगळी करत बसायला वेळ झाला नाही. आबाजी पुढच्या सीटवर. वऱ्हांड्यात त्यांना खुर्ची दिली, मुलं ओळीनं बसली, टॅब मधे ठेवले. रणजितनं नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. मदत करायची नाही असं ठरलं होतं, म्हणून तो खांबाला टेकून हात मागं बांधून उभा राहिला.

मुलांनी टॅब उघडले. दारं त्यांच्या ओळखीची, पटापट आत शिरली. मला धीर आला. पण मुलं आत जात, सरसर खाली बघत आणि बाहेर येत. दुसरं दार, पुन्हा बाहेर. संस्कृती एकामागून एक सगळी दारं फिरून आली आणि तिनं टॅब खाली ठेवला. तिच्या शेजारच्यानंही ठेवला. एकानंही एकही पुस्तक मागितलं नाही. आबाजींनी थोडा वेळ वाट बघितली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मी समजलो होतो तसंच आहे हे, असं काहीसं पुटपुटले. रणजितचा चेहरा मला बघवला नाही.

छकुली ओळीतून उठून त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याचा शर्ट ओढला. "पप्पा, मागं ठेवलेली कुठं गेली?"

"ती तुमाला नको हुती ना?" रणजित म्हणाला.

सगळा वर्ग एकदम वळून त्याच्याकडे बघायला लागला, त्यानं काही भयंकर बोलावं तसा. संस्कृती उठून उभीच राहिली. "नको कशी? लई चांगली हायत म्हणून मागं ठेवली. ऊस शेंड्याकडनं खात्यात, काका. बुडखा मागं ठेवत्यात."

यावर आबाजी परत खुर्चीत बसले. साठ वर्षं ऊस लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. शेंडा पाणचट असतो, गोडी बुडाकडे असते. आमच्याकडचं पोर कांडं हातात घेतलं की शेंड्याकडून सुरुवात करतं, म्हणजे दर घासाला गोडी वाढत जाते आणि शेवटचा घास सगळ्यात गोड लागतो. हे रणजितला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ज्या पोरांच्या डोक्यात काय आहे ते विचारायला आम्ही इतक्या चकरा मारल्या, त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा गठ्ठा आम्ही नकोशी पुस्तकं म्हणून गाळला होता.

रणजितनं टाळी वाजवली नाही. तो धावतच जीपकडे गेला, बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि फोनवरून इंटरनेट जोडलं. आबाजींना मी बळंच चहा घ्यायला लावला. मधेच रणजितनं छकुलीला हाक मारली, तिला पाठमोरी उभी केली, पाठीमागं लपवलेल्या हातांत एक पुस्तक दिलं आणि फोटो काढला. तोच दारावर बसवला. खाली लिहिलं, 'मागं ठेवलेली'. चहा संपायच्या आत दार तयार होतं.

मग जी झुंबड उडाली ती काय सांगू. टॅब अपुरे पडले. एकेका टॅबवर सात-आठ डोकी. मी भांडून घेतलेली सगळी चित्रांची पुस्तकं पहिल्या फटक्यात मागितली गेली आणि माझे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी मी रांगेत उभं राहा म्हणून ओरडले. कुणी ऐकलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

आबाजी खुर्ची पुढं ओढून बसले होते. त्यांनी संस्कृतीला जवळ बोलावून विचारलं की मागं ठेवायची पुस्तकं आजच कशी बाहेर काढली.

"गुरुजी म्हणले आज शेवटची पेटी आसंल," ती म्हणाली. "मग आनी कवा वाचायची?"

रविराज गुरुजी जमिनीकडे बघायला लागले. मुलांनी मन लावून पुस्तकं शोधावीत म्हणून सकाळीच त्यांनी मुलांना सगळं सांगून टाकलं होतं. आबाजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

जीपच्या मागं मी पुस्तकं द्यायला सुरुवात केली. छकुलीचा नंबर आला. तिनं मागितलेलं पुस्तक मी तिच्या हातात ठेवलं, समुद्राच्या तळातल्या माशांचं, पानभर निळ्या चित्रांचं. तिनं ते उघडलं नाही. छातीशी धरून ती आबाजींच्या खुर्चीपाशी गेली. आबाजी कोण आहेत याची तिला काही कल्पना नव्हती. पांढऱ्या टोपीवाला हा माणूस पेटीबरोबर आलाय, म्हणजे पेटी याचीच, असा तिचा सरळ हिशेब.

"आबा, पेटी परत येनार हाय का?"

आबाजी खुर्चीतून तिच्याकडे वाकले. मी हातातलं काम थांबवलं. रणजित खांबापाशी उभा होता, त्याचेही कान इकडेच होते.

"येनार," आबाजी म्हणाले.

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी येनार."

छकुलीनं विचार केला. मग ती माघारी आली आणि माशांचं पुस्तक माझ्या हातात परत दिलं. हे राहू दे, नंतर नेईन, म्हणाली, आणि त्याच्याऐवजी तिनं लाडवांच्या कृतीचं पुस्तक मागितलं. ते संस्कृतीनं ऐकलं. तिनंही आपलं पुस्तक ट्रंकेत ठेवून दिलं. मग एकेक करत सगळीच मुलं आली आणि इतका आटापिटा करून मिळवलेली पुस्तकं परत देऊन दुसरी घेऊन गेली.

रणजितला राहवलं नाही. तो पुढं आला आणि छकुलीला सांगायला लागला, अगं घे की, आता हातात आलंय तर वाचून टाक. आबाजींनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रणजितराव," ते म्हणाले. "पोरीनं माज्या शब्दावर ठेवलंय त्ये. तू मधी पडू नगंस."

मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि पुढच्या शुक्रवारी जीप किती वाजता निघते ते विचारून घेतलं.